दुरुस्तीची प्रत

सभागृहाचा शिपाई दुपारी एकच्या सुमारास पाकीट देऊन गेला, तेव्हा घरात कुणीच जेवलेलं नव्हतं. एरवी दादांच्या भाषणाची प्रत आली की या घराला जरा उत्साहच येई. विरोधी बाकावरच्या माणसाला मंत्र्यासारखी गाडी नाही, बंगला नाही, फिती कापायला त्याला कुणी बोलवत नाही. त्याच्या वाट्याला येतं ते एवढंच, की तो बोललेला शब्द छापला जातो. तो तरी धड छापला जावा म्हणून सत्तावीस वर्षं हे कुटुंब जेवणाच्या टेबलावर प्रत वाचत आलं होतं. आई मोठ्यानं वाचायच्या, काका दादांचं टिपण हातात धरून ओळीमागून ओळ ताडून बघायचे, आणि दादा डोळे मिटून ऐकता ऐकता मध्येच म्हणायचे, असं मी बोललोच नाही. त्यावर आईंचं उत्तर ठरलेलं: बोललात, वाक्य तुमच्यासारखंच लांबलचक आहे.

शेवटी दादा पेनाचं टोपण काढून सगळ्यांकडे बघायचे आणि विचारायचे, "कुणाची काही हरकत?" पोरं शाळेत होती तेव्हा ‘नाही!’ म्हणून ओरडायची. मग सही व्हायची आणि चहा यायचा.

सभागृहाचा नियम असा होता की सभासदानं संध्याकाळी पाचच्या आत सही करून प्रत परत पाठवायची, आणि दुरुस्ती करायची ती फक्त ऐकण्यातल्या किंवा लिहिण्यातल्या चुकीची. तोंडून निघालेलं बदलायचं नाही. घराचा नियम मात्र वेगळाच होता आणि तो सुनेनं लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात स्वतः घालून घेतला होता. पाकीट फुटलं की ती टेबलावरून उठून स्वयंपाकघरात जायची. कारण ती सभागृहाची लघुलेखिका होती. दोन्ही बाजूंच्या बाकांमध्ये जे टेबल असतं तिथे बसून, पाच मिनिटांच्या पाळीनं, जो जे बोलेल ते ती टिपून घ्यायची. सासरेबुवांचंही घ्यायची. स्वतः लिहिलेल्या प्रतीची घरी बसून दुरुस्ती करणं तिला पटत नव्हतं. दादांना हे इतकं आवडलं होतं की त्यांनी तिचं नावच लेखणी ठेवलं, आणि आता धोब्यापासून शेजाऱ्यांपर्यंत सगळे तिला त्याच नावानं ओळखत.

आज ती सवयीनं उठली, तेव्हा तिचा नवरा म्हणाला, "बस. आज तू बस."

घरात याला बाळ म्हणत. वय एक्केचाळीस, डोक्यावरचे केस निम्मे गेलेले, मतदारसंघातले हजारो लोक नावानिशी माहीत असलेला हा माणूस घरात अजून बाळच होता. येत्या निवडणुकीत दादा थांबणार आणि त्याच जागेवर बाळ उभा राहणार, हे ठरल्यात जमा होतं. सकाळपासून पक्षाच्या अध्यक्षांचे त्याला तीन फोन येऊन गेले होते.

लेखणी खुर्चीच्या कडेवर बसली. आईंनी चष्मा लावला, पण त्यांनी वाचायला सुरुवात केली नाही. काल काय झालं ते त्यांना तोंडी कळलं होतं. कागदावर बघायची त्यांची हिंमत होत नव्हती.

काल सभागृहात निवडणुकीच्या विधेयकावरची चर्चा तिसऱ्या दिवसात आली होती. विधेयक म्हणत होतं की मोजणीचे कागद निकालानंतर तीस दिवसांत नष्ट करावेत आणि निवडणूक अधिकाऱ्याला सभागृहानं जाब विचारू नये. दादांची हयात जाब विचारण्यात गेलेली. कुठल्या मंत्र्यानं कोणत्या साली काय कबूल केलं ते वाचनालयात बसून शोधायचं आणि त्याच्याच तोंडावर वाचून दाखवायचं, हा त्यांचा धंदा. तीन दिवस त्यांनी या विधेयकाची सालपटं काढली. तेव्हा मंत्री वैतागून उठले आणि हसत म्हणाले, "सन्माननीय सभासद स्वतः इतक्या वेळा निवडून आले, त्यांनी कधी मोजणीचे कागद मागितले का?"

सत्ताधारी बाकांवर हशा पिकला. दादा उभेच होते, पण बोलेनात. हसणाऱ्यांना चेव आला, बाकं वाजू लागली, सभागृहाच्या अध्यक्षांनी घंटा वाजवली आणि दादांचा माईक बंद केला. माईक बंद म्हणजे ध्वनिमुद्रणही बंद. मग दादा बोलले. वर बसलेल्या वार्ताहरांना त्यांचे हलणारे ओठच तेवढे दिसले. लेखणी त्यांच्यापासून चार हातांवर बसली होती आणि पाळी तिची होती.

"वाचा," दादा म्हणाले. आई वाचू लागल्या. पहिली नऊ पानं त्यांनी भराभर वाचून काढली. दहाव्या पानावर त्यांचा आवाज बारीक झाला.

"‘नाही. मी कधी कागद मागितले नाहीत. माझी पहिली निवडणूक मी एकतीस मतांनी जिंकलो. त्या मोजणीत पन्नास मतांचा एक गठ्ठा चुकून माझ्या ढिगावर ठेवला गेला. तो माझा नव्हता. माझ्या भावानं ते पाहिलं आणि मला सांगितलं. मी गप्प बसलो. आज ते कागद कुठेच नाहीत, म्हणून मी इथे उभा आहे आणि मला कुणी जाब विचारू शकत नाही. तुम्ही हाच कायदा करता आहात.’"

आईंनी कागद खाली ठेवला. काकांनी टिपण केव्हाच बाजूला सारलं होतं, कारण टिपणात यातलं अक्षरही नव्हतं. दादांनी डोळे उघडले.

"एवढंच?" त्यांनी विचारलं.

"एवढं कमी आहे का?" आई म्हणाल्या.

दादा लेखणीकडे बघत होते. तिनं टेबलावरच्या मीठदाणीकडे नजर वळवली.

आईंनी आधी काकांना धरलं. सत्तावीस वर्षं हा माणूस त्यांच्या हातचं खात होता आणि याच्या पोटात हे होतं. काकांनी लपवाछपवी केली नाही. तेव्हा ते मोजणीच्या टेबलापाशी दादांचे प्रतिनिधी म्हणून बसले होते. मोजणारा कारकून सकाळपासूनचा दमलेला, त्यानं शिंकायला तोंड फिरवलं आणि हातातला गठ्ठा भलत्याच ढिगावर टेकवला. समोरच्या उमेदवाराचा प्रतिनिधी नेमका पाणी प्यायला गेला होता. कुणी कट केला नव्हता की कुणाला विकत घेतलं नव्हतं. एका शिंकेनं हे घर राजकारणात आलं, असं काका म्हणाले, आणि हे ऐकून कुणालाच हसू आलं नाही.

समोरचा उमेदवार म्हणजे चौकातले औषधवाले. एकतीस मतांनी हरलेला माणूस फेरमोजणी मागतो. यांनी मागितली नाही. गोळ्या मोजून देण्यात आयुष्य गेलेल्या त्या माणसाला मोजणाऱ्यावर संशय घेणं कमीपणाचं वाटलं. नंतर ते गल्ल्यामागून दादांना थट्टेनं म्हणत, एकतीस माणसांची कृपा, नाहीतर तुम्हाला औषध कुणी दिलं असतं. सहा वर्षांपूर्वी ते गेले. दुकान आता मुलगी चालवते. वाटेत तीन दुकानं टाकून दादा रक्तदाबाच्या गोळ्या तिथूनच का आणतात, घरपोच का मागवत नाहीत, यावरून आईंनी आजवर कितीतरी वेळा तोंड वाजवलं होतं. आता त्यांनी टेबलावरच्या गोळ्यांच्या डबीकडे पाहिलं.

बाळनं वेळ घालवला नाही. त्यानं खुर्ची लेखणीकडे वळवली.

"काल किती गोंधळ होता तिथे?"

"खूप."

"माईक बंद होता. घंटा वाजत होती. चाळीस माणसं बाकं बडवत होती. अशा वेळी तुम्ही लोक कंसात ‘गोंधळ’ एवढंच लिहिता ना?"

"ऐकू आलं नाही तर लिहितो."

"मग काल तसं लिहिता आलं असतं."

बाळनं आवाज खाली आणला. रागावून बोलणारा माणूसच नव्हता तो, आणि म्हणून त्याला नाही म्हणणं नेहमी जड जाई. त्यानं नीट समजावून सांगितलं. दादांनी ही ओळ खोडून समासात लिहायचं, ‘लघुलेखिकेच्या ऐकण्यात चूक.’ तिनं तिकडे मान्य करायचं की गोंधळात नीट ऐकू आलं नसावं. जवळ बसलेले सभासद स्वतःच ओरडत होते, ते काय सांगणार? फार तर तिला एक ताकीद मिळेल. एका ताकिदीनं कुणाची नोकरी जात नाही. पण ही ओळ छापली गेली तर दादांची सत्तावीस वर्षं मातीत जातात. लोक म्हणतील, जाब विचारणारा स्वतःच दुसऱ्याच्या खुर्चीवर बसला होता. आणि त्या जागेवर बाळ कुठल्या तोंडानं मतं मागणार?

"मी दादांसाठी सांगतोय," तो म्हणाला. मग थोडं थांबून, कारण खोटं बोलायची त्याला सवय नव्हती, म्हणाला, "माझ्यासाठीही."

लेखणीला एकोणीस वर्षं झाली होती त्या टेबलावर. तिच्या प्रतीत चूक निघाली नाही, असा तिच्या खात्यात लौकिक होता. नवीन मुलींना तिच्या वह्या दाखवत. तो लौकिक नवऱ्यासाठी सोडायचा की नाही, एवढाच प्रश्न असता तर कदाचित तिनं सोडलाही असता. पण तिला अडवत होतं ते वेगळंच.

तेवढ्यात आईंना सुटकेची वाट सापडली. त्यांनी प्रत पुन्हा उचलली आणि त्या ओळीवर नख ठेवलं. "हे बघा, यात काय आहे? भावानं पाहिलं आणि सांगितलं. कधी सांगितलं? निकाल लागून गेल्यावर सांगितलं असणार. एकदा निकालावर सही झाली की माणूस काय करणार? कोर्टात स्वतःविरुद्ध जाणार? लोक समजून घेतील. खोडू नका, काही करू नका. असंच राहू दे."

काकांनी मान खाली घातली. लेखणीनं ते पाहिलं, आणि आईंच्या नखाखालच्या ओळीवरून नजर काढून घेतली.

कारण आईंनी ज्या ओळीवर नख ठेवलं होतं त्या ओळीनंतर दादा आणखी तीन वाक्यं बोलले होते. तिच्या वहीत ती होती. काल संध्याकाळी कचेरीत वहीवरून प्रत टंकित करताना ती तिथवर आली आणि तिची बोटं थांबली. बाकीचं लिहिणं भाग होतं. पण ही तीन वाक्यं गाळली तर भाषण तुटत नव्हतं, आणि म्हाताऱ्या माणसाला उभं राहायला थोडी जागा उरत होती. पोटच्या बापापेक्षा त्यांनी तिला जास्त जीव लावला होता. तिनं पुढचं वाक्य टंकित केलं. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा तिनं ऐकलेलं लिहिलं नव्हतं. आणि आता नवरा तिला सांगत होता की न झालेली चूक कबूल कर.

"दादा, तुमचं काय म्हणणं?" बाळनं विचारलं.

दादा उठून खिडकीशी गेले. समोरच्या घरातली बाई दोरीवरचे कपडे काढत होती. ती आत जाईपर्यंत ते तिच्याकडे बघत राहिले.

"मी वीस-पंचवीस मंत्र्यांना त्यांचे शब्द वाचून दाखवले असतील," ते म्हणाले. "प्रत्येकानं एकच उत्तर दिलं. मी तसं बोललो नव्हतो, लिहिणाऱ्याची चूक झाली. मी काय म्हणायचो, आठवतं का रे?"

काकांनी सांगितलं, "लिहिणाऱ्याला निवडणूक लढवायची नसते."

"हं. आता माझ्यावर आली तर मी हिच्या अंगावर ढकलू?" ते परत येऊन बसले. "खोडायचं नाही. बाळ, तुला जड जाईल. त्याला माझा इलाज नाही. तू दुसऱ्या जागेवरून उभा राहा, नाहीतर याच जागेवरून उभा राहून लोकांना सगळं सांग. मी तुझ्याबरोबर दारोदार येईन."

बाळनं फोन उचलला, उलटा करून टेबलावर ठेवला. आईंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि तो त्यानं ठेवू दिला. दादांनी प्रत पुढे ओढली. सही करायच्या आधी त्यांनी दहावं पान पुन्हा वाचलं, ओठ हलवत.

"मला वाटलं होतं, मी सगळं बोललो," ते स्वतःशीच म्हणाल्यासारखं म्हणाले. "काल घरी येताना हलकं वाटत होतं. पण कागदावर तर नाही. म्हणजे तिथेही अर्ध्यावर कच खाल्ली मी. माणूस सत्तावीस वर्षांनीसुद्धा तोच राहतो."

लेखणीनं त्यांना वाचवायला जे केलं होतं, त्यानंच ते स्वतःच्या नजरेतून उतरले होते. आणि त्यांनी तिच्या वहीवर एवढा विश्वास ठेवला होता की स्वतःची आठवण खोटी ठरवली.

दादांनी पेनाचं टोपण काढलं. सगळ्यांकडे बघितलं. सवयच ती.

"कुणाची काही हरकत?"

बाळनं मान खाली घातली. काका टेबलाच्या लाकडावरची रेघ नखानं कोरत होते.

"आहे," लेखणी म्हणाली. "माझी."

बाळनं मान वर केली. त्याच्या चेहऱ्यावर क्षणभर जी आशा दिसली ती तिच्यानं बघवेना. तिनं दादांकडे पाहिलं.

"प्रतीत तीन वाक्यं नाहीत. तुम्ही बोलला होता. मी ऐकली आणि वहीत घेतली, पण प्रतीत उतरवली नाहीत." ती लिहून घेतलेलं वाचून दाखवतात तशा सपाट आवाजात म्हणाली, "‘निकालावर सही होण्याआधी सांगितलं. अधिकाऱ्यानं विचारलं, कुणाची काही हरकत? मी म्हणालो, नाही.’"

आईंनी चष्मा काढला. या टेबलावर त्यांनी तो प्रश्न किती वेळा ऐकला होता, पोरांना ‘नाही’ म्हणून ओरडायला त्यांनीच शिकवलं होतं. तो प्रश्न कुठून आला होता, ते त्यांना आता समजलं.

"खरंय," काका म्हणाले. "जिन्यात गाठून सांगितलं मी त्याला. वर खोलीत अधिकारी वाट बघत होता. तिथल्या तिथे गठ्ठा फिरवला असता, दोन मिनिटांचं काम." त्यांचा आवाज चिरकला. "मीही तोंड उघडू शकलो असतो. नुसतं याच्याच माथी मारू नका."

"तू का नाही लिहिलंस?" दादांनी लेखणीला विचारलं. त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि ते तिला जास्त लागलं.

"तुमची दया आली."

"बोललो ना मी पण? नक्की?"

"बोललात. स्पष्ट बोललात. शेवटचं तर दोनदा."

दादांनी डोळे मिटले. मग त्यांनी प्रत सरळ केली, त्या ओळीशी एक खूण केली आणि समासात ती तीन वाक्यं आपल्या तिरक्या अक्षरात लिहिली. खाली नियमाप्रमाणे कारण लिहायचं असतं. तिथे पेन थांबलं.

"लिहा," ती म्हणाली. "लघुलेखिकेची चूक."

"तुझं नाव खराब होईल."

"तुमचं झालं तसंच. माझंही मीच केलंय."

त्यांनी लिहिलं आणि सही केली. चहा कुणी केला नाही. बाळ उठून बाल्कनीत गेला. काचेतून त्याची पाठ दिसत होती. लेखणी त्याच्याकडे गेली तेव्हा तो वळला नाही.

"मी हरणार," तो म्हणाला.

"कदाचित."

"तुला राग नाही आला माझा? मघाशी मी जे सांगत होतो त्याचा?"

"तू सांगितलेलंच तर केलं होतं मी. तू सांगायच्या आधी."

तो वळला. आत जाऊन त्यानं तिची पिशवी आणि छत्री आणून दिली. त्या घडीला त्याच्याकडून होण्यासारखं तेवढंच होतं, आणि तिला ते पुरलं.

ती सही केलेल्या प्रतीचं पाकीट घेऊन दारात आली तेव्हा दादा बूट घालून तयार होते. कुठे निघालात, म्हणून आईंनी विचारलं, तेव्हा ते म्हणाले, गोळ्या संपल्यात. डबी कालच भरलेली होती. आईंना ते ठाऊक होतं. त्यांनी नुसती त्यांच्या सदऱ्याची कॉलर सरळ केली आणि म्हणाल्या, पोरगी रडली तर लगेच निघून येऊ नका, थोडं बसा.

चौकापर्यंत दोघं बरोबर चालली. वाटेत दोन जणांनी दादांना नमस्कार केला आणि विधेयक पडेल का म्हणून विचारलं. बघू, दादा म्हणाले. औषधांच्या दुकानापाशी ते थांबले. गल्ल्यामागची बाई चिठ्ठी वाचत होती, तिनं वर बघून हात केला. दादांनी लेखणीच्या डोक्यावर हात ठेवला आणि ते पायरी चढले.

कचेरीत ती पोचली तेव्हा पाचाला दहा कमी होते. मुख्य लघुलेखकांनी पाकीट फोडलं, समास वाचला आणि चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं. कपाटातून त्यांनी खुलाशाचा छापील कागद काढून तिच्यापुढे सरकवला. तिनं आजवर तो फक्त दुसऱ्यांना भरताना पाहिला होता. ‘चुकीचे कारण’ या शब्दांपुढे सगळे डोळे मिटून एकच लिहायचे: गोंधळामुळे ऐकू आले नाही.

"तसंच लिहा," मुख्य लघुलेखक हळूच म्हणाले. "काल गोंधळ होताच. कुणी विचारणार नाही."

तिनं पेन उघडलं. कागदावर लिहिलं, ‘स्पष्ट ऐकू आले होते,’ आणि खाली सही केली.